जिवतीचा कागद

श्रावण लागायच्या आधीच्या आठवड्यात जुन्नरच्या बाजारात आघाडा, दूर्वा आणि फुलं घेऊन बसलेल्या बायांपुढं कागदांची एक चळत दिसते. वारं सुटलेलं असतं म्हणून वर दगड ठेवलेला. कागद हलका, वर्तमानपत्राच्या जातीचा. छपाई काळी, क्वचित लाल-पिवळा हात फिरवलेला. हा जिवतीचा कागद. घेणारी बाई त्याची गुंडाळी करून पिशवीत भाजीच्या वर ठेवते, म्हणजे चुरगळत नाही. पुरुषमाणूस हा कागद विकत घेताना मी आयुष्यात दोन-चारदाच पाहिला असेल.

देवादिकांच्या चित्रांवर जाणती माणसं लिहितात ते मी वाचतो. राजा रविवर्म्यावर लिहितात, पैठणच्या चित्रकथ्यांवर लिहितात, पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रांवर लिहितात. जिवतीच्या कागदावर फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. महिनाभर भिंतीवर राहणारी आणि मग पाण्यात सोडायची वस्तू, तिला चित्र तरी कोण म्हणणार? माझं शिक्षण दहावी. रेषा कशी असावी, रंग कसा असावा यातलं मला काही सांगता यायचं नाही. जनावरं मात्र कळतात. आणि त्या कागदावर देवांइतकीच जनावरं आहेत.

ज्यांच्या घरी जिवती नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर नरसिंह. खांब फुटलेला, मांडीवर हिरण्यकश्यपू आडवा, बाजूला हात जोडून प्रल्हाद. त्याच्याखाली कालिया नागाच्या फण्यावर नाचणारा बाळकृष्ण, आणि दोन्हीकडं नागाच्या बायका पदर पसरून. मधली मोठी जागा दोन बायांची, त्या जरा आणि जिवंतिका. त्यांच्या मांडीवर पोरं, खांद्यावर पोरं, पाळण्यात पोरं, नुसता लेंढार. सगळ्यात खाली बुध आणि बृहस्पती. बुध हत्तीवर बसलेला, हातात अंकुश. बृहस्पती वाघावर, हातात चाबूक.

सिंह, नाग, हत्ती, वाघ. आणि मधोमध पोरं.

लहानपणी मला वाटायचं की कागद विकणाऱ्यानं जागा होती तितके देव कोंबलेत. शनिवारचा नरसिंह, नागपंचमीचा कृष्ण, शुक्रवारची जिवती, बुधवार-गुरुवारचे बुध-बृहस्पती, म्हणजे एका कागदात सगळा श्रावण उरकला. काटकसरीचा मामला. ते खरंही आहे. पण पुढं स्वतःची पोरं झाली, आणि मग दिसलं की या कागदातले बरेच देव कुठल्या ना कुठल्या लेकरासाठी धावलेले आहेत. नरसिंह आला तो प्रल्हादासाठी. कालियाच्या विषानं यमुनेचं पाणी प्यालेली गुरं आणि गुराखी पोरं मेली, म्हणून कृष्ण डोहात उतरला, आणि तोही पोरच. जरेनं तर मेलेलं पोर सांधून जिवंत केलं.

जरेची गोष्ट महाभारतात सभापर्वात आहे. मगधाचा राजा बृहद्रथ, त्याला दोन राण्या, पोटी मूल नाही. ऋषीनं दिलेलं आंब्याचं एक फळ दोघींनी अर्धं-अर्धं खाल्लं. दोघींना अर्धं-अर्धं मूल झालं. दायांनी ते दोन तुकडे गुंडाळून चव्हाट्यावर टाकले. तिथं जरा नावाची राक्षसीण आली. मांस न्यायला सोपं पडावं म्हणून तिनं तुकडे एकमेकांना लावले, तर पोर सांधलं गेलं आणि रडायला लागलं. जरेनं सांधला म्हणून जरासंध. इथवर गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढं ती राक्षसीण राजाला स्वतःबद्दल सांगते की जो घरच्या भिंतीवर पोराबाळांसकट माझं चित्र काढील त्याच्या घरी भरभराट होईल. मला हे कळलं तेव्हा मी गार झालो. आमच्या घरात गेरूनं भिंतीवर दोन बाया आणि आजूबाजूला पोरं काढायची रीत होती. मला वाटायचं ही आमच्या आज्जीची हौस.

बुध-बृहस्पतीची कहाणीही तशीच. एका राजाला सात सुना. दारी मामा-भाचे भिक्षेला यायचे, तर सुना म्हणायच्या, आमचे हात रिकामे नाहीत. होता होता घरातलं सगळं गेलं आणि हात खरंच रिकामे झाले. धाकट्या सुनेनं उपाय विचारला. उपाय काय, तर चित्र काढायचं. गावाला गेलेलं माणूस परत यावं वाटत असेल तर दाराच्या मागं दोन बाहुल्या काढ, पैसा हवा असेल तर पेटीवर काढ, धान्य हवं असेल तर कोठीवर काढ. कहाण्या आपण श्रावणात ऐकतो आणि सोडून देतो. मला ही कहाणी म्हणजे घरात चित्रं कुठं कुठं असत याची यादीच वाटते. आमच्या माजघरातल्या कणगीवर शेणाच्या लेपावर पिठाच्या बोटांनी काढलेल्या दोन बाहुल्या मी स्वतः पाहिल्यात. नाक नाही, डोळे नाहीत, नुसत्या दोन उभ्या आकृत्या. दाणे काढायला गेलं की त्यांच्या तोंडाशी हात जायचा.

म्हणजे कागद नंतर आला. आधी भिंत.

आमच्या भिंतीचं सांगतो. बहुतेक घरांत श्रावण संपला की कागद उतरवून पाण्यात सोडतात. आमची आज्जी सोडत नसे. ती म्हणायची, "लेकरं हायेत त्यात, पाण्यात कशी सोडू?" त्यामुळं पिठाची खळ करून नवा कागद जुन्याच्या डोक्यावर चिकटवायचा. तिच्यानंतर आईनंही तेच चालवलं. पुढं जुनं घर उतरवून विटांचं बांधायला काढलं तेव्हा माजघराची ती भिंत पाडायच्या आधी मी पाण्याचा हात मारून कागद सोडवायला बसलो. थरावर थर. सगळ्यात वरचे दहा-बारा तीन रंगी, गुळगुळीत. त्यांच्या खाली काळ्या छपाईचे, काहींवर आईनं की आज्जीनं हळदीचं बोट ओढलेलं. त्यांच्या खाली जाड कागद, त्यावर छपाई बरीक पण रेष ठसठशीत, नाग तर असा की फण्यावरचा दहाचा आकडा स्पष्ट. त्याच्या मागं चुन्याचा हात, आणि चुन्याच्या खाली गेरू. गेरूतल्या बायांना चेहरा नव्हता. शेजारी चार पायांचं एक जनावर होतं. हत्ती म्हणावा तर सोंड नव्हती, वाघ म्हणावा तर पट्टे नव्हते. गवंडी म्हणाला, म्हैस असंल. मला वाटतं वाघच असणार, कारण शेपटी पाठीवरनं वर उचललेली होती आणि म्हशीची शेपटी अशी कोणी काढत नाही. आज्जीच्या सासूच्या आधीचं ते काम असावं. भिंत पांढऱ्या मातीची, तीन हात रुंद. दुसऱ्या दिवशी पडली.

छापखान्यांनी या चित्रांचं काय केलं हेही सांगण्यासारखं आहे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली आणि देवांची, मोठ्या पुरुषांची रंगीत चित्रं शिळाप्रेसवर छापायला सुरुवात केली. रामपंचायतन घराघरात गेलं ते तिथून. मग केरळातल्या किळिमानूरचा राजा रविवर्मा आला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यानं पुराणातल्या प्रसंगांची मोठी तैलचित्रं केली, लोक बघायला लोटले, आणि ही चित्रं छापली तर गरिबालाही घेता येतील हे ध्यानात आलं. १८९४ साली त्यानं मुंबईत गिरगावात छापखाना घातला. पाच वर्षांनी तो आमच्या पुणे जिल्ह्यात मळवलीला हलला, लोणावळ्याच्या अलीकडं, कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याला. जर्मनीहून यंत्रं आणि माणसं आणलेली. चित्रातल्या एकेका रंगासाठी वेगळा दगड, तो दगड घासायचा, त्यावर रंगापुरता भाग उठवायचा, आणि एकच कागद एकामागं एक त्या सगळ्या दगडांखालून काढायचा. केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्म्यानं तो छापखाना श्लायशर नावाच्या त्याच्याच जर्मन कारागिराला विकला, पण चित्रं निघत राहिली. १९७२ साली आग लागून छापखाना संपला. इकडं दुष्काळ आणि तिकडं ती आग, एकाच सालात.

रविवर्म्याची लक्ष्मी आमच्या ओसरीवर होती. कमळात उभी, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. तो हत्ती बघावा. कातडीच्या सुरकुत्या, पाण्यात अर्धं अंग, डोळ्यात शहाणपण. माझे चुलते तमाशाच्या फडाबरोबर मुंबई बघून आलेले, ते म्हणायचे, राणीच्या बागेतला हत्ती असाच. आणि जिवतीच्या कागदावरचा बुधाचा हत्ती? सोंड लावलेलं पोतं. पाय चार, चारीही एकाच बाजूला. बुध वर बसलाय का मागं उभा आहे कळत नाही.

पण गंमत अशी की लक्ष्मीचं चित्र पुरुषांनी आणलं, काच घालून ओसरीवर लावलं, पाहुण्यांना दिसेल असं. आणि जिवतीचा कागद माजघरात, चुलीच्या धुराजवळ, जिथं बाळंतिणीची खाट असे त्या भिंतीला. रविवर्म्यानं देवांना माणसासारखं अंग दिलं, सावली दिली, जरीची साडी दिली, आणि सगळ्या देशातल्या देव्या त्या साडीत दिसायला लागल्या. जिवतीला त्यातलं काही शिवलं नाही. शिळाप्रेस आला, खिळ्यांचे छापखाने आले, आता ऑफसेट आलं, तरी जिवतीच्या दोन बाया गेरूतल्या दोन बायांसारख्याच राहिल्या. त्यांना सुंदर करायची गरज कोणाला वाटली नाही. बाईला त्या कागदाकडून दर्शन नको होतं. राखण हवी होती.

राखण कशापासून, हे आमच्या आईच्या बाळंतपणांवरनं सांगतो. आईची बाळंतपणं नऊ झाली. राहिलो आम्ही पाच. दोन पोरं आठ दिवसांच्या आत गेली, आंबोण घट्ट मिटलं, अंग धनुष्यासारखं ताणलं आणि गेली. एक गोवरानं. आणि माझी थोरली बहीण सहा वर्षांची असताना मण्यारीनं.

पहिल्या दोघांना सटवीनं नेलं असं आमच्यात म्हणत. जिवतीच्या कहाणीतही तेच आहे. काशीला निघालेला राजा वाटेत एका ब्राह्मणाच्या घरी उतरतो. त्या घरात पोर झालं की पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येऊन नेते. राजा दारात झोपलेला. सटवी येते आणि विचारते, हा कोण वाटेत पसरलाय. तर जिवती तिला सांगते की हे माझं नवसाचं आहे, याला ओलांडून जायचं नाही. पोर वाचतं. पुढं आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई घरोघर फिरून गरोदर बायांना सुई द्यायला लागल्या, तेव्हा त्यांच्यातल्या एकीनं आईला समजावलं होतं की नाळ विळ्यानं तोडली, त्यावर राख लावली, की धनुर्वात होतो, आणि तो बरोबर त्या पाचव्या ते आठव्या दिवसांत पोराला धरतो. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाई, तुमी सुई द्या. मी कागद लावते." दोन्ही झालं. धाकट्या दोघांच्या वेळी सुई होती आणि दोघंही आज आजोबा झालेत. २०१५ साली आपल्या देशातनं नवजात पोरांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, तेव्हा पेपरात चार ओळी होत्या. मी कातरण कापून पाकिटात ठेवलं होतं.

आजच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना मी वाढवून सांगतो असं वाटतं. १९७१ च्या सुमारास या देशात जन्मलेल्या दर हजार पोरांतली एकशे पंचवीसच्या वर पोरं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे आठात एक. खेड्यात त्याहून जास्त. कागदावर एवढा पोरांचा लेंढार कशाला काढलाय, असं मला वाटायचं त्याचं उत्तर या आकड्यात आहे. त्यातली चार गेली तरी चार उरावीत.

मण्यारीचं वेगळं. ती रात्री येते. भुईवर झोपलेल्या माणसाच्या अंगाच्या उबेला येते, चावली तरी मुंगी चावल्याइतकंच कळतं, सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं आणि पापण्या उचलत नाहीत. बहीण भादव्यात गेली. मी तेव्हा रांगत होतो, मला आठवण नाही, हे सगळं आईकडनं ऐकलेलं. मुंबईत परळला हाफकिन संस्थेत सापाच्या विषावरचं औषध तेव्हाही बनत होतं. आमच्या वस्तीवरनं परळ किती लांब होतं ते ओढ्याला पूर असताना बैलगाडी जुंपलेल्या माणसालाच ठाऊक.

पुढच्या श्रावणात आईनं पुन्हा कागद लावला आणि पुन्हा नागाला आघाड्याची माळ घातली. मी मोठा झाल्यावर तिला विचारलं होतं, "आई, ज्यानं पोर नेलं त्यालाच हळदीकुंकू कसं गं लावलंस?" ती निवडणं करत बसली होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "नागाला न्हाई लावलं. नागाच्या डोक्यावर ज्यो पाय देऊन हुबाय त्येला लावलं." जरा वेळानं म्हणाली, "आन राग धरून बसले आसते तर तुमच्याकडं कुनी बघितलं आसतं?"

तिचं म्हणणं चित्राला धरून होतं. नीट बघा. त्या कागदावर एकही जनावर मोकळं नाही. नागाच्या फण्यावर पाय आहे. हत्तीवर अंकुश आहे. वाघावर बसलेल्याच्या हातात चाबूक आहे. सिंह तर देवाच्याच अंगात घेतलाय. ज्यांची भीती त्यांना चित्रात आणायचं, पण कोणाच्या तरी ताब्यात देऊन आणायचं. शहाणी माणसं याचा अर्थ सांगताना म्हणतात की हत्ती म्हणजे माणसातला माज आणि वाघ म्हणजे अहंकार. असेल. कीर्तनात ते शोभतं. पण जिच्या गोठ्यातली कालवड वाघानं ओढत नेली आहे तिला वाघ म्हणजे वाघच. आमच्या लेण्याद्रीच्या चैत्यात खांबांच्या डोक्यावर हत्ती, वाघ, बैल कोरून बसवलेत, ते दोन हजार वर्षं या खोऱ्याकडं बघतायत. या मुलखात वाघ काय नवा नाही.

आता इथं आम्ही बिबट्यालाही वाघच म्हणतो. पट्ट्याचा वाघ माझ्या आज्ज्यानं पाहिला असेल, मी नाही. माझ्या लहानपणी बिबट्या डोंगरात असायचा, ऐकायला यायचा. कुकडीच्या धरणांचं पाणी पाटानं आलं, बाजरी-हुलग्याची रानं उसाखाली गेली. उसात वर्षभर सावली, पाणी, डुकरं, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याची मादी उसातच वितेय आणि उसातच पिल्लं वाढवतेय. त्या पिल्लांनी डोंगर बघितलेलाच नाही. ऊस तोडताना टोळीला पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं येतात, रात्री टोपलीत ठेवून देतात, आई येऊन घेऊन जाते. हे आता नेहमीचं झालंय.

२००१ च्या पुढची दोन-तीन वर्षं वाईट गेली. जुन्नर तालुक्यात आणि शेजारी माणसांवर हल्ले झाले, त्यात पोरं जास्त. पलीकडच्या वस्तीवरचं एक पोर अंगणातनं गेलं. आई भाकरी टाकत होती, पोर दारात. तिच्या घरीही कागद होता. यावर मी कुठलीही अक्कल लढवत नाही.

पिंजरे लागले, बिबटे धरले आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडले. आम्हाला बरं वाटलं. विद्या अत्रेय नावाच्या बाईंनी पुढं याचा अभ्यास केला. त्यात निघालं ते असं की धरून दुसरीकडं सोडल्यावर हल्ले कमी न होता वाढले, आणि जिथं सोडले त्या बाजूलाच व्हायला लागले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. हे शेतकऱ्याला पटायला जड नाही. नवा बैल आणला तर तो महिनाभर कान टवकारून असतो. मग माणिकडोहला केंद्र झालं, जखमी आणि धरलेले बिबटे तिथं ठेवतात.

मला यात कालियाच आठवतो. भागवतात कृष्ण कालियाला मारत नाही. नागाच्या बायका पदर पसरतात, आणि कृष्ण त्याला यमुनेतनं उठवून रमणक बेटाला परत पाठवतो. तिथून तो गरुडाच्या भीतीनंच पळून डोहात आलेला असतो. कृष्ण त्याला सांगतो की तुझ्या डोक्यावर माझ्या पावलांची खूण आहे, आता गरुड तुला काही करणार नाही. म्हणजे नुसतं उचलून सोडलं नाही. जिथं पाठवलं तिथं त्याला जगता येईल अशी तजवीज करून पाठवलं. ही एवढी बारीक गोष्ट आमच्या पुराणिकबुवांनी कधी फोड करून सांगितली नव्हती. कागदावर मात्र कालियाच्या बायका कायम असतात, छापणाऱ्यानं त्या कधी गाळल्या नाहीत.

शुक्रवारी जिवतीची पूजा झाली की आई आम्हा पोरांना पाटावर बसवून ओवाळायची. पुरणाचे दिवे करायची, दूध-साखर आणि फुटाणे द्यायची. जी पोरं लांब असतात त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या असतात. कहाणीतल्या बाईचं पोर सुईणीनं राणीसाठी पळवलेलं असतं, ते कुठं आहे ते तिला ठाऊक नसतं, म्हणून ती शुक्रवारी अशाच अक्षता टाकते आणि त्या जाऊन त्या पोराच्या डोक्यावर पडतात. हिरवं लुगडं ती नेसत नाही, कारल्याच्या मांडवाखालनं जात नाही, तांदळाचं धुवण ओलांडत नाही. आणि पोर राजा होऊन तिच्याच दाराशी वाईट वासनेनं येतं तेव्हा त्याचा पाय वासराच्या शेपटीवर पडतो, आणि गाय वासराला माणसाच्या वाणीनं बोलते की जो आपल्या आईकडं असा जायला भीत नाही तो तुझ्या शेपटीला काय भिणार. साऱ्या कहाणीत खरं काय ते गाईला माहीत. कागदावर गाय नाही, पण कहाणी वाचताना गोठा शेजारीच असायचा, आणि तेवढ्यात गाय हंबरली की बाया एकमेकींकडं बघायच्या.

एक भाऊ पुण्याला कंपनीत होता, ती दक्षिण. दुसरा मुंबईला मार्केटात, ती पश्चिम. बहीण संगमनेरला दिलेली, ती उत्तर. आई तिन्हीकडं अक्षता टाकायची आणि मग पूर्वेला वळायची. पूर्वेला आमचं कोणी नव्हतं. तिकडं आमचा बांध आहे, बांधावर करंज आहे, आणि करंजाखाली त्या चार जणांना ठेवलेलं आहे. त्या बाजूच्या अक्षता ती मूठ भरून टाकायची.

आता कागद सून आणते. भिंतीला तेलकट रंग आहे, खळ धरत नाही, म्हणून चिकटपट्टीनं दाराच्या आतल्या बाजूला लावते. त्याच दारावर वनखात्यानं दिलेलं पत्रक आहे, अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडू नका, बाहेर जाताना काठीला घुंगरू बांधा, मोबाइलवर गाणी लावा, असं. त्यावर बिबट्याचा फोटो. हल्लीचा जिवतीचा कागदही चकचकीत निघतो, आणि यंदा आणलेल्यात बृहस्पतीच्या खाली वाघाच्या जागी आयाळवाला सिंह बसलाय. कोणी तरी कॉम्प्युटरवर बसवलेला असणार. नातू पहिलीत आहे. त्यानं दोन्ही कागद बघितले आणि म्हणाला, "आजोबा, हा वरचा वाघ चुकीचा हाय." मी विचारलं, तुला काय माहीत. तर म्हणाला, परवा पाटाच्या कडंनं शाळेत जाताना चिखलात पाय उठलेले बघितले, एवढे एवढे, आणि दोन्ही हात पसरून मला मोठेपणा दाखवायला लागला. सुनेनं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि विचारलं, "कुठं? कोणत्या मोरीपाशी?"